गुणोत्तर म्हणजे एन्झाइम नव्हे

नैराश्यावरच्या शोधनिबंधांत रक्तातलं किन्युरेनिन-ट्रिप्टोफॅन गुणोत्तर सर्रास ‘आयडीओची सक्रियता’ म्हणून छापलं जातं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, किन्युरेनिन ते मोडून बनणारं द्रव्य, आणि आयडीओ म्हणजे दाहात वाढणारं, ट्रिप्टोफॅन मोडणारं एन्झाइम. ट्रिप्टोफॅनचा बहुतांश भाग किन्युरेनिनच्या वाटेने मोडतो, सेरोटोनिनच्या वाट्याला जेमतेम एक-दोन टक्के येतो, हे खरंच. पण मोडण्याचं बरंचसं काम यकृतातलं टीडीओ हे दुसरं एन्झाइम करतं, आणि मूत्रपिंड मंदावलं की किन्युरेनिन साचतं. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची खूण) आणि सीआरपी (दाहाची खूण) सोबत नसतील, तर त्या गुणोत्तरावरून दाहाबद्दल काही बोलू नये.

ही द्रव्यं एलसी-एमएसवर मोजतात, म्हणजे कॉलममध्ये वेगळी करून मग वस्तुमानावरून ओळखतात. मोजमापाची खरी अडचण पल्ल्याची. प्लाझ्मात ट्रिप्टोफॅन साधारण ५० ते ७० मायक्रोमोलर, तर किन्युरेनिनपासून बनणारं किन्युरेनिक आम्ल काही दहा नॅनोमोलर. दोन्ही एकाच इंजेक्शनमध्ये घेतली की ट्रिप्टोफॅनचा पीक (सिग्नलचा उंचवटा) वरून सपाट होतो. त्यासाठी त्याचा रेणू आदळून फोडण्याची ऊर्जा (कोलिजन एनर्जी) मुद्दाम बिघडवून सिग्नल कमी करायचा, नाहीतर वेगळं डायल्यूशन चालवायचं.

दुसरा सापळा मशीनवर दिसणाऱ्या १२४ या आयन-वस्तुमानाचा. याच वाटेवरच्या पिकोलिनिक आणि निकोटिनिक आम्लांचं वस्तुमान सारखंच. त्यात क्विनोलिनिक आम्ल (१६८) मशीनच्या सोर्समध्येच (रेणूंना विद्युतभार मिळतो त्या भागात) कार्बन डायऑक्साइड गमावून १२४ वर येऊन बसतं. मशीन कितीही महागडं असलं तरी इथे कॉलमच तारतो. साध्या सी-१८ कॉलमवर क्विनोलिनिक क्षारांबरोबर सुरुवातीलाच बाहेर पडतं आणि सिग्नल दबतो; पेंटाफ्लुओरोफिनाइल कॉलमवर ते जरा थांबतं.

नमुन्याची तयारी सोपी आहे, क्रम मात्र चुकवू नये. ५० मायक्रोलिटर प्लाझ्मात आधी आयसोटोप-लेबल केलेली इंटर्नल स्टँडर्ड्स (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेली तीच द्रव्यं), मग २०० मायक्रोलिटर थंडगार मिथेनॉल, मग सेंट्रीफ्यूज. वरचा द्रव नायट्रोजनखाली सुकवून ०.१ टक्के फॉर्मिक आम्लाच्या पाण्यात विरघळवायचा. मिथेनॉलमध्येच इंजेक्ट केलात तर सुरुवातीचे पीक दुभंगतात. ही द्रव्यं नसलेला प्लाझ्मा मिळत नाही, त्यामुळे कॅलिब्रेशन चारकोलने धुतलेल्या प्लाझ्मात करतात. त्यातही थोडं काही उरलंय का, ते तपासायचं.

याच वाटेवरचं ३-हायड्रॉक्सीकिन्युरेनिन तर बाकावर ठेवल्या ठेवल्या ऑक्सिडाइज होतं. ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) ट्यूब बर्फात, प्लाझ्मा लगेच वेगळा, थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल, आणि −८० अंश. रक्त सकाळी, उपाशीपोटी. रुग्णांचे नमुने एका बॅचला आणि निरोगींचे दुसऱ्या बॅचला लावले, तर जो फरक दिसेल तो बहुधा मशीनचाच असेल.

औषधांची नोंद हवीच. व्हॅलप्रोएट हे औषध ट्रिप्टोफॅनला रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनावरून हुसकावतं. मिथेनॉलने प्रथिनं पाडल्यावर एकूण ट्रिप्टोफॅन मिळतं, मोकळं नव्हे. मोकळं हवं तर अल्ट्राफिल्ट्रेशन.

आणि रक्तावरून मेंदूचा निष्कर्ष? ट्रिप्टोफॅन, किन्युरेनिन मेंदूत शिरतात. किन्युरेनिक आणि क्विनोलिनिक आम्लं फारशी नाही. २००१ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या गटाने स्किझोफ्रेनियात किन्युरेनिक आम्ल वाढलेलं दाखवलं, ते मेंदू-मज्जाद्रवात. शिवाय ३-हायड्रॉक्सीकिन्युरेनिन पुढे मोडणाऱ्या किन्युरेनिनेझ एन्झाइमला ब-६ जीवनसत्त्व लागतं. आहार तुटलेल्या रुग्णात ३-हायड्रॉक्सीकिन्युरेनिन चढलेलं दिसलं, तर आधी पायरिडॉक्सल फॉस्फेट (ब-६ चं सक्रिय रूप) मोजा.