परसातला पोहण्याचा तलाव: टाकी उभी राहिली, भरणी अर्ध्यावर

मागच्या नोंदीत जमिनीवर फक्की टाकून आखणी झाली होती. त्यानंतर काम बरंच पुढे सरकलंय. खोदाई पुरी झाली, तळाखालचा निचरा बसला, स्लॅब पडला, भिंती वर आल्या आणि पाइपांची दाब-चाचणी पार पडली. भिंतींबाहेरची भरणी निम्म्यावर आहे. अस्तर, हीट पंप (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं यंत्र) आणि कव्हर अजून बाकी. जमीन गोठायला लागायच्या आत तलावात पाणी उभं राहिलं पाहिजे, एवढंच या हंगामाचं उद्दिष्ट ठेवलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मापं: आतून 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, पाण्याची खोली सगळीकडे सारखीच, 1.4 मीटर. म्हणजे साधारण 45 हजार लिटर पाणी.

आकार इतका साधा चौकोनी का, वळणदार का नाही, असं काही जणांनी विचारलं होतं. उत्तर कव्हरमध्ये आहे. थंड हवेत तलाव बांधणाऱ्याने पहिला विचार कव्हरचा करावा आणि टाकीचा आकार त्यावरून ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. हिशेब मांडतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 0.68 युनिट उष्णता घेऊन जातं. इथे युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच, म्हणजे किलोवॅट-तास. माझ्या तलावाचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर, म्हणजे पाण्याची पातळी बाष्पीभवनाने 1 मिलिमीटर उतरली की 32 लिटर पाणी आणि जवळजवळ 22 युनिट उष्णता गेली. आता दुसरी बाजू बघा. तळ आणि भिंती मिळून 66 चौरस मीटर. त्यांना 50 मिलिमीटरचं चांगलं इन्सुलेशन आहे, पाणी 26 अंशांवर आणि माती 10 अंशांवर आहे असं धरलं, तर सगळ्या टाकीतून दिवसभरात जेमतेम 16-17 युनिट बाहेर जातात. म्हणजे जमिनीत गाडलेली अख्खी टाकी दिवसभरात जेवढी उष्णता सोडते, त्याहून जास्त एका मिलिमीटरच्या वाफेबरोबर उडते! आणि उघड्या, गरम केलेल्या तलावातून वाऱ्याच्या दिवशी तीन-चार मिलिमीटर सहज जातात. रात्री हवा गार झाली म्हणून हे थांबत नाही, कारण पाणी हवेपेक्षा ऊबदार असेल तोवर वाफ निघतच राहते.

म्हणून पट्ट्यांचं, रुळावर गुंडाळलं जाणारं कव्हर घ्यायचं हे आधीच पक्कं केलं. त्याला समांतर कडा लागतात, एका टोकाला रुळासाठी खाचा लागतो, आणि हा खाचा नंतर सुचला तर भिंत फोडावी लागते. बुडबुड्यांचं तरंगतं कव्हरही वाफ अडवतं आणि बरंच स्वस्त पडतं, पण रोज दोन माणसांनी ओढायचं कव्हर हळूहळू कोपऱ्यात पडून राहतं. जे कव्हर रोज टाकलं जात नाही, त्याचा उपयोग शून्य.

खोल टोक ठेवलं नाही. पृष्ठभागावरून जाणारी उष्णता खोलीवर फारशी अवलंबून नसते, पण पहिल्यांदा पाणी तापवायचा खर्च सरळ पाण्याच्या प्रमाणात वाढतो. शिवाय प्रत्येक जादा वीत खोदली की आपण भूजलात तेवढे खाली जातो. माझ्याकडे हे दुसरं कारण अधिक भारी ठरलं.

खोदाईत आखणी मोठी धरली होती, भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी 60 सेंटिमीटर, म्हणजे माणसाला उभं राहून काम करता येतं. आतल्या चौकोनाचे कर्ण 8.94 मीटर येतात. दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत खुंट्या हलवत राहायच्या, यात घाई नको. काढलेली माती खड्ड्याच्या काठापासून चांगली मागे टाकायला सांगितली, कारण काठावरचा ढीगच काठ ढासळवतो. तसंच, घट्ट माती उपसली की फुगते, पाव हिस्सा तरी जास्त जागा धरते. ढिगासाठी जागा आखताना हे लक्षात ठेवा.

आता या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जेसीबीने बाजू सरळ कापल्यावर मातीचे थर स्वच्छ दिसायला लागले. वर काळी, मुळांनी भरलेली माती. त्याखाली एकसारखी तपकिरी. आणि सुमारे 70 सेंटिमीटरवरून खाली रंग बदलत जाऊन राखाडी, त्यात गंजाच्या रंगाचे ठिपके आणि जुन्या मुळांच्या वाटांभोवती नारिंगी कडा. खड्डा तेव्हा कोरडा ठणठणीत होता. पाणी नव्हतंच, पण त्याची खूण होती. माती बराच काळ पाण्यात बुडून राहिली की तिच्यात हवा पोचत नाही, लोह विरघळून जातं आणि ती राखाडी पडते. जिथे मुळांच्या वाटेने हवा शिरते तिथे तेच लोह गंजतं. म्हणजे हे ठिपके जिथून सुरू होतात, साधारण तिथपर्यंत ओल्या हंगामात भूजल चढत असतं. खोदाई कोरड्या दिवसांत करत असाल तर खड्ड्यातल्या कोरडेपणावर विसंबू नका, बाजूच्या मातीचा रंग नीट बघा.

70 सेंटिमीटर हा आकडा माझ्यासाठी काय सांगतो? स्लॅबचा खालचा पृष्ठभाग जमिनीपासून 1.7 मीटर खाली. म्हणजे पाणी त्याच्या 1 मीटर वर चढू शकतं. टाकीचं बाहेरचं क्षेत्रफळ 37 चौरस मीटर, त्यामुळे भूजल दर 10 सेंटिमीटर चढलं की टाकीला खालून 3.7 टनांची उचल मिळते. 1 मीटरला 37 टन. स्लॅब आणि भिंती मिळून काँक्रीट सुमारे 14.8 घनमीटर, वजन साडेपस्तीस टनांच्या आसपास. मातीच्या घर्षणाची थोडी मदत धरली तरी हा सामना बरोबरीचाच. रिकामं पातेलं पाण्यावर उचललं जातं तशी रिकामी टाकी उचलली जाऊ शकते, आणि एकदा वर आलेली टाकी परत जागेवर बसत नाही. आत पाणी भरलेलं असेल तर 45 टन जास्तीचे मिळतात आणि प्रश्नच मिटतो.

म्हणून निचऱ्यावर मी हात आखडता घेतला नाही. खड्ड्याच्या तळाशी चारही बाजूंनी 100 मिलिमीटरचा भोकं असलेला पाइप, खाली-वर धुतलेली खडी, आणि बारीक माती आत शिरू नये म्हणून सगळ्याला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या गाळणी-कापडाचं वेष्टण. पाइपाचा उतार एका कोपऱ्यातल्या उभ्या चेंबरकडे, त्यात सबमर्सिबल पंप, त्याला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगत पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारं बटण. भरपूर पाऊस पडून गेल्यावर झाकण काढून आत टॉर्च मारला. पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार येत होती, पाणी निवळशंख. फ्लोट हळूहळू उचलला गेला, पंप लागला, पातळी खाली गेली, पंप बंद. बराच वेळ तिथेच बसून बघत राहिलो. पाणी गढूळ नाही म्हणजे कापड आपलं काम करतंय, आणि स्लॅबखाली पाणी साठत नाहीये. तलाव पुरा झाल्यावर हा चेंबर फरशीखाली दडणार नाही, झाकण कायम हाताशी ठेवलंय. पुढे कधी अस्तर बदलायला टाकी रिकामी करावी लागली तर आधी इथली पातळी बघूनच ठरवता येईल.

स्लॅबखाली खडीचा थर, त्यावर 50 मिलिमीटरचे एक्सपीएसचे (पाणी न धरणाऱ्या घट्ट फोमचे) बोर्ड, वर प्लास्टिक, मग 10 मिलिमीटरच्या सळईची 200 मिलिमीटरवर दुहेरी जाळी. साधा थर्माकोल वापरला नाही, कारण ओल्या जमिनीत तो कालांतराने पाणी धरतो आणि पाणी शिरलं की इन्सुलेशन गेलं. बोर्ड दबतील का ही शंका मलाही होती, पण 1.4 मीटर पाण्याचा भार चौरस मीटरला जेमतेम 1.4 टन, स्लॅबचा धरून 1.9 टनांच्या आत. या बोर्डांची ताकद त्याच्या कितीतरी पट असते.

काँक्रीट पडलं तेव्हा रात्रीचा पारा 5 अंशांच्या आसपास घुटमळत होता. इतक्या थंडीत सिमेंटचं घट्ट होणं फार मंदावतं, आणि ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर ताकद कायमची जाते. साधारण 3.5 मेगापास्कल ताकद येईपर्यंत त्याला गोठू द्यायचं नाही. प्लास्टिक आणि त्यावर इन्सुलेशनच्या गोधड्या संध्याकाळी लगेच पसरल्या. सकाळी कोपरा उचलला की आतून ऊब हाताला लागायची, म्हणजे सिमेंट आपली उष्णता स्वतःच देत होतं.

भिंती पोकळ ब्लॉकच्या, आत सळई आणि काँक्रीट. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही, ओळंबा आणि धीर लागतो इतकंच.

आतून टाइल्स लावणार नाही. पाण्याच्या रेषेपाशी टाइलमागे ओल शिरते, गोठते आणि टाइल सुटते. थंड प्रदेशातल्या जुन्या तलावांची हीच रेषा आधी खराब झालेली दिसते. 1.5 मिलिमीटरचं, आत धाग्यांची जाळी असलेलं पीव्हीसी अस्तर घेतोय, जोड जागेवरच गरम हवेने वितळवून लावतात. हे अस्तर थंडीत ताठर होतं, त्यामुळे त्यासाठी ऊबदार दिवस बघूनच कारागिरांना बोलावेन.

पाइप 63 मिलिमीटरचे. सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायचं तर ताशी 7.5 घनमीटर प्रवाह लागतो. 50 मिलिमीटरच्या पाइपातूनही तो जाईल, पण जाड पाइपात वेग सेकंदाला 0.8 मीटरच्या आसपास राहतो आणि पंपाला जोर कमी लागतो. पंप बदलत्या गतीचा आहे. गती निम्मी केली की त्याला लागणारी विजेची शक्ती एक अष्टमांशावर येते, म्हणून दुप्पट वेळ चालवूनही वीज पाव हिस्साच जाते. स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड, वाऱ्याच्या उतरत्या बाजूला बसवलाय, वारा पालापाचोळा स्वतःच तिकडे लोटतो. तळाला पंपाकडे पाणी ओढणारी एकच जाळी ठेवू नका. दोन हव्यात, एकमेकींपासून मीटरभर तरी लांब, म्हणजे एकीवर कुणाचं अंग टेकलं तरी ओढ दुसरीकडून सुटते. जिथे मुलं उतरणार आहेत तिथे याला पर्याय नाही.

दाब-चाचणी पाण्याने केली. काही जण हवेने करतात, कृपा करून करू नका. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा फार असते आणि थंडीत ठिसूळ झालेला पीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात. जोड चिकटवणाऱ्या सोल्व्हंटलाही थंडीत सुकायला बराच जास्त वेळ द्यावा लागतो, डब्यावरचा थंड हवेचा रकाना वाचा. सगळे पाइप यंत्रघराकडे एकसारखे उतरते ठेवलेत, म्हणजे हिवाळ्याआधी ते पूर्ण रिकामे करता येतील.

सध्या भरणी चालू आहे. भिंतीलगत आधी एक्सपीएस, मग खडी, 20-25 सेंटिमीटरच्या थरांनी, हलक्या कॉम्पॅक्टरने दाबत. खणून काढलेली माती परत इथे टाकायचा मोह होतो, ढीग समोरच असतो. ती टाकली नाही. पाणी गोठताना 9 टक्के फुगतं हे आपण जाणतो, पण जमिनीचं फुगणं तिथेच थांबत नाही. बारीक मातीत गोठणारा थर खालचं पाणी स्वतःकडे खेचत राहतो, बर्फाच्या चकत्या वाढत जातात आणि भिंतीला ढकलतात. खडीतल्या मोकळ्या जागा मोठ्या असतात, पाणी वर खेचलं जात नाही, खाली निघून जातं. फुगण्यासाठी गारठा, पाणी आणि बारीक माती अशा तिन्ही गोष्टी लागतात. गारठा आपल्या हातात नाही, उरलेल्या दोन आहेत.

अस्तर झालं की लगेच पाणी भरणार. रिकामी टाकी हिवाळ्यात सोडली तर गारठा तळातून थेट खालच्या जमिनीत उतरतो आणि भूजलाची उचल वेगळीच. पाणी स्किमरच्या तोंडाखाली ठेवून, पाइपातलं सगळं पाणी हवेने फुंकून काढून, तोंडं बुचांनी बंद करेन. जिथे थेंब राहण्याची शंका असेल तिथे प्रोपिलीन ग्लायकोल. गाडीच्या रेडिएटरमधलं सहसा इथिलीन ग्लायकोल असतं, ते विषारी, त्याला तलावाच्या आसपासही आणू नका.

हीट पंप वसंतात बसेल. निवडताना माहितीपत्रकावरचा मोठा आकडा बघू नका, तो बहुधा 26 अंशांच्या हवेचा असतो. 15 अंशांच्या हवेचा आकडा बारीक अक्षरात असतो, आपल्या कामाचा तोच. माझ्या पाण्याला 1 अंश चढवायला 52 युनिट उष्णता लागते. 12 वरून 26 वर न्यायला सुमारे 730. पंपाने एका युनिट विजेत चार युनिट उष्णता दिली तर पहिल्या तापवण्याला 180 च्या घरात वीज जाईल, त्या काळात पृष्ठभागावरून आणि टाकीतून जाणारी उष्णता वेगळी.

पुढच्या आठवड्यात उरलेली भरणी आणि कव्हरच्या खाच्याचं शटरिंग. रुळाचा व्यास, मोटरची वायर आणि खाच्यातल्या पाण्याचा निचरा या तिन्हींची मापं कागदावर पक्की झालीत, वायरचा पाइप काँक्रीटच्या आधी टाकून घेतो.