तेल होतं, पण वरती

ट्रॅकवरून गाडी पिटमध्ये शिरली तेव्हाच आवाज ओळखला. आयडलला विशेष काही नव्हतं. ॲक्सिलरेटर जरा दाबून सोडला की आतून ठोका. बिग एंड गेलं, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (इंजिनच्या फिरत्या दांड्याला) जिथे जोडतो तिथली बेअरिंग. मालकांना म्हटलं, ‘इंजिन बंद करा, आता किल्लीला हात लावू नका, ढकलत नेऊ.’ पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा चालू करून पाहिलंच. सगळेच पाहतात, आणि त्या दहा सेकंदांत क्रँकवर आणखी दोन चरे उठतात.

इंजिन मीच बांधलेलं. ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, तेही माझ्याच हातचं. ट्रॅकच्या गाडीत बेअरिंग गेली की पहिला संशय चेंबरवर जातो. वळणावर तेल बाजूला पळतं, पिकअप (पंपाची तेल ओढणारी नळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. १ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, आडवा जोर असेल तर चेंबरमधलं तेल ४५ अंशांत तिरकं उभं राहतं. स्लिक (खाचा नसलेले, जास्त पकडीचे) टायर लावून तो १.३ वर गेला की ५२ अंश. रस्त्यावरच्या गाडीचा चेंबर यासाठी बनवलेलाच नसतो. लोक टायर बदलतात तेव्हा इंजिनची गरजही बदलते, हे त्यांच्या गावीही नसतं.

म्हणून मी पिकअपभोवती पेटी केली होती. चार बाजूंना चार झडपा, फक्त आत उघडणाऱ्या: तेल आत येईल, बाहेर जाणार नाही. पिकअप आणि तळ यांत ८ मिलिमीटर अंतर, तेही मातीचा गोळा ठेवून, दाबून मोजलेलं. चेंबर बाकावर ५० अंशांत तिरका धरून चारही बाजूंनी तपासला होता; पिकअप एकदाही उघडा पडला नाही. त्या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

इंजिन खोलायच्या आधी फिल्टर कापला. घड्या उलगडल्या तर चमचम. चुंबकाला काही चिकटेना, म्हणजे लोखंड नव्हे, बेअरिंगचा धातू. तिसऱ्या रॉडचं वरचं शेल (बेअरिंगची अर्धी वाटी) काढलं तर मऊ थर पुसला जाऊन खालचं तांबं लालसर दिसत होतं. तो थर असतोच जेमतेम २० मायक्रॉनच्या आसपास. क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंग मात्र शाबूत. तेल गॅलरीतून (इंजिनमधल्या मुख्य वाटेतून) आधी मेनला मिळतं, तिथून क्रँकच्या भोकांतून रॉडपर्यंत जातं. त्यामुळे उपास पडला की तो आधी रॉडला पडतो.

मालक म्हणत होते, ‘अहो, लाल दिवा एकदाही लागला नाही.’ ते खरंच बोलत होते. डॅशबोर्डचा दिवा तेलाचा दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरला की लागतो. आयडलला ते ठीक आहे, पण ६,००० आरपीएमला १ बार म्हणजे बेअरिंगचा सत्यानाश, आणि दिवा तरीही विझलेलाच. ट्रॅकवर गाडी सोडताना या दिव्यावर विसंबणारे मेकॅनिक मला समजतच नाहीत.

रात्री लॉगर, म्हणजे गाडीतली नोंदपेटी, उघडला. सेकंदाला २० नोंदी, तेलाचा दाब आणि आडवा जोर एकाखाली एक. लांबलचक उजव्या वळणात शेवटच्या लॅपला दाब ५ बारवरून १.१ वर आला होता, तोही ०.८ सेकंदभर. ६,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक ८० वेळा फिरतो. झालं, आपली झडप अडकली असणार, असं वाटून पोटात खड्डा पडला. सकाळी पेटी काढली, तर चारही झडपा मोकळ्या.

मग आलेख नीट वाचला. झडप अडकली असती तर वळणाचा जोर येताच, पहिल्या सेकंदाच्या आत दाब पडायला हवा होता. इथे तो सहाव्या सेकंदाला पडत होता. पहिल्या तीन लॅपना काहीच नाही, पुढे दर लॅपला घसरण थोडी अधिक खोल. म्हणजे तेल चेंबरमध्ये बाजूला पळत नव्हतं. तेल चेंबरमध्ये नव्हतंच.

काढलेलं तेल मापून पाहिलं. ५ लिटर भरलेलं, निघालं ३.९. उरलेलं कॅच कॅनमध्ये (इंजिनातून वायूबरोबर बाहेर येणारं तेल अडवणाऱ्या डब्यात) गेलं होतं, आणि सेशन संपल्यावर मालक दर वेळी ते ओतून टाकायचे. ‘थोडं तेल येतंच की त्यात,’ म्हणाले. किती? ‘बाटलीभर.’ मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

उरलेलं गणित हेडमध्ये, इंजिनच्या वरच्या भागात. या हेडमधून तेल खाली यायची भोकं सगळी उजव्या बाजूला. लांब उजव्या वळणात तेल डावीकडे फेकलं जातं, भिंतीशी साचतं, खाली उतरत नाही. पंप मात्र वर पाठवतच असतो. खालून येणारा ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने निसटलेला) वायू त्याच साचलेल्या तेलातून वाट काढतो आणि त्या तेलाला ब्रीदरमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, कॅनमध्ये घेऊन जातो. हा पंप ७,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ४५ लिटर ढकलतो, म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. त्यातलं काही वरच अडकलं तर चेंबर रिकामा व्हायला किती वेळ लागणार? माझी पेटी तेल राखू शकते, पण मुळात आलंच नाही तर काय राखणार?

या वेळी हेडकडे जाणारं तेल १.५ मिलिमीटरच्या जेटने (बारीक छिद्राच्या तोटीने) आवळलं. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, नाहीत म्हणूनच हे करता आलं. हेडच्या डाव्या मागच्या कोपऱ्यातून जाड नळी थेट चेंबरात, तेलाच्या पातळीच्या वर सोडली. कॅच कॅन मोठा केला, तेल आपोआप परतेल असा. ईसीयूत, इंजिनच्या संगणकात, अट टाकली: ४,५०० आरपीएमच्या वर ०.३ सेकंद दाब ३ बारखाली राहिला की इग्निशन बंद. मालकांना अ‍ॅक्युमुलेटर हवा होता, कोणीतरी सांगितलेलं. वाईट वस्तू नाही. दाब पडला की साठवलेलं तेल काही सेकंद ढकलते. पण आजार शोधायच्या आधी बसवला की आजार झाकतो. खरा उपाय ड्राय सम्प, म्हणजे तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं. पोर्शे ९११ ला तो १९६४ पासून कारखान्यातूनच होता. पण यांच्या क्लासच्या नियमांत तो बसत नाही.

क्रँक ०.२५ मिलिमीटर ग्राइंड केला, नवी शेल टाकली. फिल्टर भरून, प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं, गेजवर दाब दिसेपर्यंत ठिणगी दिली नाही. दुसऱ्या चाचणीत बारा लॅप, आलेख सरळ.

त्यानंतर मी जुनी फाइल उघडली. चेंबर बसवल्यानंतरची पहिली चाचणी, दहा लॅपची. तेव्हा पहिले तीन लॅप पाहून मी म्हणालो होतो, ‘आता बिनधास्त पळवा.’ सातव्या लॅपला, त्याच वळणात, सहाव्या सेकंदाला दाब ४.९ वरून ४.१ वर आलेला दिसतो. फाइल त्या दिवसापासून माझ्याच लॅपटॉपवर होती.

मालकांना ती दाखवली. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे तेव्हाही होतं?’ मी हो म्हटलं. मजुरी घेतली नाही. क्रँक आणि शेलचा खर्च त्यांनी दिलाय. तो कोणी द्यायला हवा होता, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.