तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सांभाळून ऑनलाइन एमपीएच

‘नोकरी न सोडता ऑनलाइन एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, होईल का, आणि झालं तर गोव्यात त्याला किंमत आहे का?’ वाळपईच्या परिचारिकेपासून म्हापशाच्या दंतवैद्यापर्यंत सगळे हेच विचारतात. होतं. किंमतही आहे. पण ती प्रमाणपत्रापेक्षा तुम्ही कुठल्या प्रश्नावर आणि कुणाच्या आकड्यांवर प्रबंध लिहिलात यावर ठरते. म्हणून प्रबंधाचा विचार शेवटच्या सत्रावर ढकलू नका.

फी भरण्याआधी मान्यता तपासा. भारतीय विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशसत्र, तिन्ही एकत्र दिसतात का ते स्वतः पाहा. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि अभ्यासक्रमाला असणं वेगळं. यादी बदलतही असते. 2025 साली मानसशास्त्र, पोषण असे विषय ऑनलाइनमधून वगळले गेले, तेव्हा गेल्या वर्षी मैत्रिणीला प्रवेश मिळाला हा पुरावा पुरेसा नाही. परदेशी विद्यापीठाची पदवी घ्यायची तर सरकारी नोकरीत समकक्षतेचा प्रश्न येतो, आणि ऑनलाइन पदवीला ती मिळणं अवघड. संशोधन प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्था तुम्हाला काम काय येतं ते आधी पाहतात. अमेरिकन पदवी असेल तर सीईपीएच या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा. तिच्या नियमानं एमपीएचला किमान 42 क्रेडिट लागतात. आणि एक स्पष्टच सांगायला हवं: एमपीएचनं वैद्यकीय व्यवसाय करण्याचा हक्क मिळत नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. ब्रिटिश मास्टर्सला 180 क्रेडिट, एका क्रेडिटला 10 तास, म्हणजे 1800 तास. दोन वर्षांत आठवड्याला साधारण 17 तास, तीन वर्षांत साडेअकरा. ड्युटीच्या पाळ्या असतील तर तीन वर्षंच घ्या. लंडनची रात्री 11:59 ची मुदत म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे 5:29, उन्हाळ्यात 4:29. कॅमेऱ्यासमोरची परीक्षा जूनमध्ये येत असेल तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट तयार ठेवा. सांगे-काणकोणच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांनी त्या दिवशी शहरातल्या नातेवाइकांकडे जाऊन बसावं.

गळती होते ती मुख्यतः संख्याशास्त्रात आणि साथरोगशास्त्रात. व्हिडिओ पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं, गणित हाती घेतलं की अडतं. समजा, देवळातल्या समाराधनेनंतर उलट्या-जुलाब सुरू झाले आणि 100 जेवणाऱ्यांना विचारलं. 60 जणांनी मणगणं (खिरीसारखा गोड पदार्थ) खाल्लं होतं, त्यांतले 42 आजारी. 40 जणांनी खाल्लं नव्हतं, त्यांतले 8 आजारी. खाणाऱ्यांत 70 टक्के, न खाणाऱ्यांत 20 टक्के, म्हणून सापेक्ष जोखीम, म्हणजे 70 भागिले 20, 3.5. याच आकड्यांवरून ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही गटांतल्या ‘आजारी भागिले न आजारी’ या प्रमाणांचं गुणोत्तर, काढा: 42 आणि 32 चा गुणाकार भागिले 18 आणि 8 चा गुणाकार, म्हणजे सुमारे 9.3. ‘मणगणं खाल्ल्यानं जोखीम नऊ पट वाढली’ असं लिहिलंत की गुण गेले. हे दोन आकडे जवळ येतात ते आजार विरळ असेल तेव्हा, आणि इथे तर अर्धी पंगत आजारी आहे. असं उदाहरण कागदावर हातानं सोडवता येईपर्यंत सॉफ्टवेअर उघडू नका. नंतर ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरा, ते फुकट आहे. प्रवेशाआधी स्वतःला जोखायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम करून पाहा.

आता प्रबंध. घरबसल्या उपलब्ध आकडेवारीवर तो होतो, पण तिची मर्यादा आधी ओळखा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याची विभागणी उत्तर आणि दक्षिण अशी दोनच जिल्ह्यांत आहे. त्यातून सत्तरी आणि तिसवाडीची तुलना करू म्हणाल तर ते शक्य नाही. स्वतः माहिती गोळा करणार असाल तर नमुना आधी मोजा. एखाद्या गोष्टीचं प्रमाण 20 टक्के असेल आणि 5 टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर 4 गुणिले 20 गुणिले 80 भागिले 25, म्हणजे 256. दहातला एक नकार देईल असं धरलं की 285. वाडे निवडून त्यांतली घरं घेतलीत तर एका वाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात म्हणून नमुना वाढवावा लागतो; ही वाढ (डिझाइन इफेक्ट) 2 पट धरली तर हाच आकडा 569 वर जातो. एकट्यानं शनिवार-रविवारी एवढी घरं होत नाहीत. विषय तिथेच लहान करा.

परवानगीत लोक महिनोन्‌महिने अडकतात. संशोधनात लोकांच्या हिताला धक्का लागत नाही ना हे पाहणाऱ्या नैतिकता समितीला आरोग्य केंद्राच्या परवानगीचं पत्र हवं असतं, आणि ते पत्र देणाऱ्या कार्यालयाला समितीची मंजुरी. यातून वाट एकच: ‘नैतिकता समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून’ असं तत्त्वतः परवानगीचं पत्र मागा. कांपालच्या आरोग्य संचालनालयाकडे अर्ज करताना विद्यापीठाचं पत्र, दोन पानांचा आराखडा, प्रश्नावली आणि रुग्णांची ओळख कशी झाकणार हे सगळं पहिल्याच खेपेला जोडा. रुग्ण एखाद्या इस्पितळातले असतील तर परदेशातल्या समितीची मंजुरी पुरत नाही, इथल्या समितीचीही लागते. संमतिपत्र कोकणीत, मराठीत आणि मजुरांसाठी हिंदी-कन्नडमध्ये ठेवा, आणि सासष्टीत कोकणी रोमी लिपीत.

कामाचं वेळापत्रक गोव्याच्या वर्षाप्रमाणे आखा. माकडतापाचा अभ्यास सत्तरीत करायचा तर त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, पण काजूच्या दिवसांत घरं दिवसभर बंद असतात, संध्याकाळी जा. 2024 मध्ये दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर कॉलऱ्याची साथ आली, तेव्हापासून बऱ्याच जणांना ट्रॉलरवरच्या कामगारांवर लिहायचं असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि बरेच खलाशी आपापल्या राज्यांत गेलेले असतात. चवथीच्या आठवड्यात तर कुणाच्याच दारी प्रश्नावली नेऊ नका.

प्रश्नावली आधी दहा घरांत चालवून पाहा, आणि ही घरं मुख्य नमुन्यात धरू नका. ‘पाणी कुठलं पिता?’ विचारलं की बहुतेक जण ‘नळाचं’ म्हणतात, एप्रिलमध्ये टँकर येत असला तरी. ‘आज सकाळी पिण्याचं पाणी कुठून भरलं?’ असं विचारा, आणि भांडं दाखवायला सांगा.