सहाव्या तासाचा सिग्नल

शनिवारी सकाळी महापेच्या लॅबमध्ये क्यूपीसीआरचा (जीनचा तुकडा सायकलीगणिक दुप्पट करत तो किती होता हे मोजणाऱ्या चाचणीचा) निकाल उघडला आणि संसर्गानंतरच्या सहा तासांच्या नमुन्यावर नजर अडली. सीओडब्ल्यूपी-1 या जीनचा सीटी, म्हणजे सिग्नल दिसायला लागलेल्या सायकलींची संख्या, 27.9 आला होता. हा आकडा जितका कमी, तितका मूळ माल जास्त. हा जीन क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीच्या ऊसिस्टचं (त्याच्या कवचबंद रूपाचं) कवच बनवणाऱ्या प्रथिनाचा. परजीवी पेशीत शिरून सहाच तास झालेले असताना कवचाची तयारी कशाला सुरू होईल? एचसीटी-8 या माणसाच्या आतड्याच्या पेशींमध्ये तो आधी अलैंगिक पद्धतीने वाढतो. दीड-दोन दिवसांनी मादी-नर रूपं येतात, आणि कवचाचे जीन मादी रूपात जागे होतात.

प्रयोगाची मांडणी नेहमीचीच. सहा खळ्यांची (खोलगट कप्प्यांची) प्लेट, पेशींचा थर जवळजवळ भरलेला. ऊसिस्ट बर्फावर दहा टक्के ब्लीचमध्ये दहा मिनिटं ठेवून धुतलेले. (क्लोरीनला हा जीव दाद देत नाही, म्हणूनच पाण्यातून पसरतो. लॅबमध्ये त्याच गुणाचा उपयोग बाकीचे जंतू मारायला होतो.) मग 37 अंशांवर 0.75 टक्के सोडियम टॉरोकोलेट (एक पित्तक्षार), म्हणजे ऊसिस्ट फुटून आतले चार-चार स्पोरोझोइट, पेशीत शिरणारी रूपं, बाहेर येतात. प्रत्येक खळ्यात दहा लाख ऊसिस्ट, तीन तासांनी पीबीएस या क्षारद्रावणाने धुणं, आणि 6, 12, 24, 48, 72 तासांना आरएनए (चालू जीनची निघणारी नक्कल) काढणं.

मेल्ट कर्व्हला (तुकडे तापवून ते एकाच प्रकारचे आहेत का हे दाखवणाऱ्या आलेखाला) एकच टोक, तेही योग्य तापमानाला. जेलवर पट्टी बरोब्बर अपेक्षित लांबीची. इथे सुटकेचा निःश्वास टाकायचा मोह होतो, पण या परजीवीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींना साक्ष म्हणून किंमत नाही. त्याचा जीनोम जेमतेम 91 लाख बेसचा, आठ गुणसूत्रांचा. 2004 साली तो प्रसिद्ध झाला तेव्हापासून माहीत आहे की त्यात इंट्रॉन (जीनमधले, आरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) फार कमी आहेत. आमच्या दोन प्रायमरांच्या (मोजायच्या तुकड्याची टोकं ठरवणाऱ्या छोट्या डीएनए-धाग्यांच्या) मधे एकही नव्हता. त्यामुळे तुकडा आरएनएपासून आलाय की नमुन्यात राहिलेल्या डीएनएपासून, हे लांबीवरून कळतच नाही.

नो-आरटी, म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, थोडक्यात आरटी) न घातलेली नळी, लावलेली होती आणि ती कोरी आली होती. पण ती लावली होती माणसाच्या पेशींतल्या संदर्भ-जीनवर. तिथला एक प्रायमर दोन एक्झॉनच्या (इंट्रॉन कापल्यावर जोडल्या जाणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बसतो, डीएनए असला तरी तो पकडत नाही. म्हणजे तपासणी झाली होती, फक्त जिथे चूक दिसूच शकत नाही अशा जागी.

तीच नो-आरटी सीओडब्ल्यूपी-1 वर लावली. सीटी 28.3. आरटीवाल्या नळीशी फरक फक्त 0.4 सायकलचा, म्हणजे सिग्नलचा निदान पाऊण हिस्सा डीएनएचा. 48 तासांच्या नमुन्यात आरटीला 20.6 आणि नो-आरटीला 26.6 आलं. तिथे डीएनए जास्त असूनही फरक सहा सायकलचा, म्हणजे खरा सिग्नल 64 पट. घातक भाग हाच आहे. जीन जोरात चालू असतो तेव्हा डीएनएची भेसळ खपून जाते, आणि जीन झोपलेला असतो तेव्हा नेमका तो जागा दिसतो.

आकड्यांत हे सहज बसतं. दहा लाख ऊसिस्ट म्हणजे 40 लाख स्पोरोझोइट, प्रत्येकात जीनची एक प्रत. खळ्यातून 20 मायक्रोग्रॅम आरएनए मिळालं, त्यातलं एक आरटीला, आणि त्या 20 मायक्रोलिटरमधला एक पीसीआरला. म्हणजे चारशेवा भाग, 10,000 प्रती. निम्म्या धुण्यात गेल्या आणि उरलेल्यांपैकी दहावा भाग डीएनेजच्या (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमच्या) तावडीतून सुटला, तरी 500 प्रती उरतात. सीटी 28 च्या आसपासच.

मग डीएनेज का चुकलं? आरएनए वेगळं करायच्या कॉलमवर पंधरा मिनिटं दिलं होतं, मुदतीतलं होतं. "कसं मिसळलंस?" ज्याने आरएनए काढलं होतं त्याला एवढंच विचारलं.

"व्हॉर्टेक्स केलं, मॅडम. कृतीच्या कागदावर 'नीट मिसळा' लिहिलंय."

चूक त्याची नव्हतीच, कागदाची होती. डीएनेज-1 जोरात घुसळल्यावर बिघडतं. नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची असते.

त्याच आरएनएला नळीत पुन्हा डीएनेज दिलं: मायक्रोग्रॅममागे एक युनिट, 37 अंशांवर अर्धा तास. एन्झाइम मारायला 65 अंशांवर दहा मिनिटं, पण आधी पाच मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) घालून. मॅग्नेशियम मोकळं असताना तापवलं तर आरएनएच तुटतं. ईडीटीए मोजूनच घालावं लागतं, जास्त पडलं तर पुढच्या आरटीलाही मॅग्नेशियम पुरत नाही.

संध्याकाळी प्लेट बाहेर आली. सहा तासांची नो-आरटी चाळीस सायकलपर्यंत कोरी, आरटीला 34.8, तेही तीनपैकी दोनच नळ्यांत. 48 तासांचा 20.7, जागचा हललाच नाही.

कागदावरचं 'नीट मिसळा' खोडलं. नो-आरटीच्या रकान्यात आता 'परजीवीचा जीन' असं लिहिलंय, आणि तो रकाना प्रत्येक वेळेच्या प्रत्येक नमुन्यासमोर आहे. 12 आणि 24 तासांच्या नळ्यांना अजून दुसरं डीएनेज द्यायचंय. तोवर त्यांचे आकडे आलेखातून काढून टाकले आहेत.