वाईत एक दिवस

काल वाईला जाऊन आलो. पाचगणी महाबळेश्वरला जाताना नेहमी बाहेरूनच सटकतो आपण, पण यावेळी गाडी लावली आणि सरळ गणपती घाटावर. ढोल्या गणपती खरंच ढोल्या आहे हो, फोटोत काहीच कळत नाही! १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. सगळे दर्शन घेऊन सेल्फी काढून निघून जातात पण जरा मागच्या बाजूला जाऊन बघा, मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी दोन्हीकडे फाटून जावं आणि देवळावर थेट मार बसू नये. मी तर मूर्तीपेक्षा त्या भिंतीपाशीच जास्त रेंगाळलो 😄

आणि मराठी विश्वकोशाचं ऑफिसपण इथेच, त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात राहिले. एवढ्याशा गावात!

मग दुपारी वाईजवळचं मेणवली गाव. नाना फडणवीसांचा वाडा, मागे दगडी घाट आणि तिथे ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्यांपैकी. शूटिंगमुळे घाट ओळखीचा वाटतो पण बहुतेकांना घंटेचं काही माहीतच नसतं, एकजण तर बडवतच होता. नदीत निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या बघून मात्र डोकं फिरलं, फुलं सोडायचीच तर निदान पिशवी तरी घरी न्या ना राव. पावसाळा संपता संपता जा, पाणी भरपूर असतं, आणि शक्यतो रविवार टाळा.