दिवसाच्या रस्त्यावर रात्रीची वीज

आकाशाचे फोटो काढायला निघालं की मुक्काम अंधार बघून ठरतो, आणि अंधार जितका चांगला तितकं विजेचं सॉकेट लांब. दुर्बिणीचं फिरतं माउंट, कॅमेरा, लॅपटॉप, भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळायचा हीटरचा पट्टा, सगळं मिळून ६०-७० वॅट सतत लागतात. ८ तासांची रात्र धरली तर ५०० वॅट-तासांच्या आसपास. आमच्या पॉवर स्टेशनची, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या पेटीची, क्षमता १००० वॅट-तासांची. पहिली रात्र घरून भरून नेलेल्या विजेवर मजेत जाते. पुढच्या रात्रींची वीज मात्र रस्त्यातच मिळवावी लागते, आणि या प्रवासात ताईने आणि मी सगळा बेत त्याच हिशोबाने आखला होता: दिवसा गाडी, रात्री आकाश.

गाडी सुरू केली, १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये वायर खोचली, पॉवर स्टेशनच्या पडद्यावर आकडा आला १०१ वॅट.

"एवढेच? घरी तर तास-दीड तासात भरतं की हे," ताई म्हणाली.

एवढेच. सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा असतो आणि आमचं पॉवर स्टेशन कारच्या वायरवर ८ अँपिअरच्या वर ओढतच नाही. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करून घेतले तरी सॉकेट तेच, फ्यूज तोच. वर दोनदा रूपांतर होताना वीज वाया जाते ती वेगळीच. त्यामुळे आम्ही अंतर किलोमीटरमध्ये मोजणं सोडून दिलं. ५ तास गाडी म्हणजे साधारण ५०० वॅट-तास, म्हणजेच एक रात्र. मला हे गणित फार आवडतं, कारण रस्ता लांबला तरी चिडचिड होत नाही.

घाटात एक गंमत बघायला मिळाली. चढावर आकडा ९८-१०० वर रेंगाळत होता आणि उतार लागून ताईने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ११५ च्या पुढे जात होता. बऱ्याच नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनित्र, चढावर इंजिनावरचा भार कमी करायला व्होल्टेज उतरवतो आणि उतारावर फुकटची गती वापरून ते वाढवतो. ८ अँपिअर तेवढेच, १२.५ व्होल्टला १०० वॅट, १४.५ ला ११६. मी तो आकडा अख्खा घाटभर बघत बसलो होतो.

खडबडीत रस्त्यावर लक्ष ठेवायचं ते प्लगवर. त्याच्या टोकाची पिन स्प्रिंगवर असते, धक्क्यांनी ती मागे सरते, संपर्क अर्धवट राहतो आणि तिथेच प्लग तापतो. मी अधूनमधून बोट लावून बघतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर लगेच काढायचा. वायरही आखूड आणि जाड हवी. जाण्यायेण्याच्या तारेत मिळून ०.१ ओहमचा रोध असला तरी ८ अँपिअरला ६ वॅटहून जास्त नुसती उष्णता होते.

पॉवर स्टेशन डिकीत ठेवलं नव्हतं. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या आसपास चार्जिंग थांबवतात. पुढच्या सीटच्या मागे, पायापाशी, पट्ट्याने घट्ट बांधून, पंख्याची जाळी मोकळी ठेवून. दहा-बारा किलोची वस्तू जोरात ब्रेक लागल्यावर सुटली तर काय होईल याचा विचार न केलेलाच बरा.

जेवायला थांबलो की आधी वायर काढायची, हा आमचा अगदी पक्का नियम. काही गाड्यांत किल्ली फिरवल्यावरही सॉकेट चालूच राहतं. गाडीची बॅटरी ५० अँपिअर-तासांची धरली तर तिच्यात जेमतेम ६०० वॅट-तास असतात, म्हणजे आमच्या पॉवर स्टेशनपेक्षाही कमी. दोन-तीन तासांत ती इतकी उतरेल की इंजिन सुरू व्हायचं नाही, आणि अंधार शोधत गेलेल्या जागी धक्का मारायलाही कुणी नसतं.

उंचावरच्या मुक्कामाला वेगळाच प्रकार. सकाळी दव गोठलेलं होतं, रात्रभर तंबूबाहेर राहिलेलं पॉवर स्टेशन गारठलेलं, आणि गाडी सुरू करूनही आकडा शून्य. शून्य अंशांखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आतल्या सेलचं कायमचं नुकसान होतं, म्हणून ते स्वतःच नकार देतं. गाडीचा हीटर लावून चालत राहिलो. बऱ्याच वेळाने पंख्याचा आवाज आला आणि आकडा शंभरावर गेला. त्यानंतर रात्री ते तंबूत, पांघरुणात.

तिथेच भेटलेल्या एकाने गाडीच्या बॅटरीपासून थेट जाड वायर ओढून, धन टोकाजवळ फ्यूज घालून डीसी-डीसी चार्जर, म्हणजे सॉकेट टाळून गाडीच्या विजेवर पॉवर स्टेशन भरणारं उपकरण, बसवला होता. ५०० वॅट! आम्हाला दिवसभर लागतो तो भरणा त्याचा तासाभरात. थोडं चालवून बराच वेळ राहणाऱ्यांनी तोच बसवावा, मात्र अल्टरनेटरला तो भार झेपतो का हे जाणकाराकडून तपासून. आम्ही रोज तासन्‌तास गाडीत असतो, आम्हाला सॉकेट पुरतं.

शेवटच्या जागी दोन रात्री राहायचं होतं, म्हणजे मधल्या दिवशी गाडी हलणार नाही. उभ्या गाडीचं इंजिन चालवून भरायचं तर शंभर वॅटसाठी तासाला अर्धा-एक लीटर इंधन जाळायचं, धूर आणि घरघर वर. ते आम्ही करत नाही. दुपारभर घडीचं सौर पॅनेल उन्हात फिरवत ठेवलं, आणि दुसऱ्या रात्री लॅपटॉप बंद ठेवून कॅमेऱ्याच्या कार्डावरच फोटो घेतले.