तुम्ही विचारलंत म्हणून: गेम अडकतोय, काय टाकू?

"काकू, गेम अडकतोय. काय टाकू?"

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. जिन्यात येतो, भाजीच्या गाडीपाशी येतो, एकदा तर हळदीकुंकवाला आलेल्या बाईंनी वाण हातात घेता घेता मुलाच्या वतीनं विचारला. मी इंजिनिअर नाही, एका कंपनीत अकाउंट्स बघते. पण २०१७ मध्ये मुलासाठी घेतलेला असेंबल्ड पीसी मी इतक्या वेळा उघडलाय, इतकं चुकीचं सामान आणून परत केलंय, की हे खातं आपसूक माझ्याकडे आलं. शिवाय रात्री जेवणं उरकली की मी तासभर ट्रक चालवते, युरो ट्रक सिम्युलेटरमध्ये. रोटरीवर पडदा गोठला की चाळीस टन मालासकट कठड्यात जाण्याचा अनुभव मला आहे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फक्त सुरुवात "काय टाकू" इथून करणार नाही. या शब्दातच गोम आहे. आमटी अळणी लागली की मीठ टाकावं, तसं लोक पीसीत काहीतरी टाकायला निघतात. रॅम टाका, एसएसडी टाका, कार्ड टाका. आमटीला नक्की काय कमी पडलंय हे चाखून कुणीच बघत नाही.

मी आधी विचारते, "अडकतो म्हणजे काय होतं रे?"

शत्रू भिंतीतून उड्या मारत येतो, आपण मेल्यावर गोळीचा आवाज ऐकू येतो, पण पडदा मात्र लोण्यासारखा हलतोय, असं असेल तर पीसीला हात लावू नका. ते नेटचं दुखणं. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत आणि मध्ये लोखंडी कपाट, ही आपल्याकडची ठरलेली मांडणी. पंधरा मीटर लॅन केबल आणा, विषय संपला. गेम सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, घ्या. पण खेळताना सेकंदाला जितकी चित्रं पडद्यावर येतात (त्यालाच एफपीएस म्हणतात), तितकीच येत राहतील. आमच्याकडे एसएसडी बसवल्यावर विंडोज चहाचा कप भरायच्या आत सुरू व्हायला लागलं, आणि चिरंजीव म्हणाले, "आई, एफपीएस तेवढेच आहेत." बरोबरच होतं त्याचं.

उरलं खरं अडकणं: पडदाच धक्के खातो. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. सरासरी ८० दिसत असली तरी मध्येच एखादं चित्र ६० मिलिसेकंद घेऊन बसलं की डोळ्याला तो हिसका जाणवतो. म्हणून "मला ८० एफपीएस मिळतात" हे सांगून उपयोग नसतो. तळाच्या, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या, एक टक्का चित्रांचा आकडा बघायचा.

आता पोळ्यांकडे येते. आमच्याकडे सणाला पोळ्यांना दोघी लागतात. एक लाटते, एक भाजते. पीसीत प्रोसेसर लाटतो आणि ग्राफिक्स कार्ड भाजतं. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, या चित्रात काय काय काढायचं, हे प्रोसेसर ठरवून पुढे सरकवतो. ते रंगवून पडद्यावर आणतं कार्ड. लाटणारीचा हात जड असेल तर तवा रिकामा तापत बसतो, मग कितीही मोठा तवा आणा, पोळ्या तेवढ्याच. भाजणारी सावकाश असेल तर पोळपाटाशेजारी कच्च्या पोळ्यांची चळत लागते. रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायची मेमरी, हा ओटा. ओटा अपुरा असेल तर दोघींचे हाल होतात हे खरं, पण पुरेसा असताना आणखी दोन फूट वाढवून पोळ्या वाढत नाहीत. सोळा जीबीचे बत्तीस करून "काहीच फरक नाही" म्हणणारे याच ओट्यावाले.

कोण कुणासाठी खोळंबलंय हे बघायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. खेळताना कोपऱ्यात आकडे दिसतात. एफपीएसला आपणच मर्यादा घातलेली नाही ना, तेवढं आधी बघून घ्या. मग कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटून असेल तर कार्ड दमलंय. तो ५०-६० वर रेंगाळत असेल तर कार्ड वाट बघतंय, आणि बहुतेक वेळा प्रोसेसरची. इथे एक फसगत होते. एकूण प्रोसेसर ४० टक्केच दिसतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. गेमचं मुख्य काम एक-दोन कोअरच, म्हणजे प्रोसेसरचे एक-दोन हातच, ओढत असतात. ते पूर्ण भरले आणि बाकीचे निवांत असले तरी सरासरी ४० च दिसणार. कचेरीत पाहिलंय ना आपण हे?

आकड्यांचा कंटाळा असेल तर याहून सोपी युक्ती आहे. गेमचं रिझोल्युशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १९२०×१०८० वरून १२८०×७२० करा. चित्र धूसर होईल, होऊ दे. एफपीएस भरपूर वाढले तर दोष कार्डाचा. जैसे थे राहिले तर तव्याला नावं ठेवू नका, लाटणारीकडे बघा.

तिसऱ्या मजल्यावरचं उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांचा पीसी चांगला होता: आय५-१०४०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, सोळा जीबी रॅम. घराला रंग दिला आणि त्यानंतर गेम अडकायला लागला. वडिलांची तीस हजारांची तयारी झालेली. "वहिनी, कार्ड गेलंय म्हणतो हा. तुम्ही एकदा बघून घ्या, मग शनिवारी घेऊनच टाकतो." मी मागे वाकले. मॉनिटरची एचडीएमआय वायर वरच्या बाजूला, यूएसबीच्या खोबण्यांशेजारी उभ्या पोर्टात बसवलेली. खाली कार्डाचे आडवे पोर्ट मोकळे, त्यातल्या दोनांवर कंपनीची प्लॅस्टिकची टोपणं अजून तशीच. रंगकाम झाल्यावर वायरी जोडताना हाताला लागलं त्या भोकात खुपसलं होतं. म्हणजे कार्ड नुसतं बसलंय आणि मॉनिटर प्रोसेसरच्या आतल्या किरकोळ ग्राफिक्सला जोडलाय. वायर वरून काढली, खाली घातली. मुलगा एक शब्द बोलला नाही. वडील मात्र बराच वेळ त्या रिकाम्या पोर्टाकडे बघत होते.

त्याच पीसीत आणखी एक सापडलं. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी लावलेल्या. चार खोबण्यांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत लावायच्या असतात, तेव्हा दोन्ही वाटांनी एकदम काम चालतं. शेजारी लावल्या की दोघींना मिळून एकच वाट. ज्यांच्याकडे वेगळं कार्डच नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळतात, त्यांनी तर हे जरूर बघावं, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. तिथे आठच्या एका पट्टीला दुसरी जोड दिली तर फरक डोळ्यांनी दिसतो. एवढ्या एकाच ठिकाणी मी आपणहून "रॅम टाक" म्हणते. पट्टी ३२०० वेगाची असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (पट्टी पूर्ण वेगानं चालवायचा पर्याय) चालू आहे का तेही बघा. नाहीतर ती २१३३ किंवा २४०० वर रमतगमत चालते. आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर आणून विंडोजमध्ये ६० वरच ठेवणारे मी आत्तापर्यंत चार जण पाहिलेत.

धूळ. यावर मी भाषण देऊ शकते. आजूबाजूला जुन्या सोसायट्या पाडून नव्या उठतायत, त्या सिमेंटची धूळ, आणि आमचा पीसी देवघराच्या खाली, म्हणून उदबत्तीचा चिकट थर वर. पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली अक्षरशः गोधडी होती. एप्रिल-मेमध्ये खोली ३८ अंशांवर असताना त्या गोधडीतून हवा कुठून जाणार? माझ्या तेव्हाच्या प्रोसेसरसारखे इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. पहिली वीस मिनिटं गेम छान आणि मग धक्के, असं होत असेल तर हेच. प्लग काढा, रंगाचा इंचभर रुंद नवा ब्रश घ्या, पंखा बोटानं धरून ठेवा आणि झाडा. ब्लोअर मारताना पंखा गरगर फिरवायची हौस मुलांना असते, तेवढी करू देऊ नका. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) पुसून नवी लावा. तुरीच्या दोन दाण्यांएवढी पुरे, श्रीखंड वाढल्यासारखी नको.

आता माझी स्वतःची फजिती, म्हणजे खर्च कुठे करायचा ते कळेल.

आमचा पीसी आय५-७४०० प्रोसेसरचा होता, चार कोअर. सोबत जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. त्यावर मुलाचा काउंटर-स्ट्राइक, म्हणजे जुना ग्लोबल ऑफेन्सिव्ह, सुखानं चालायचा. २७ सप्टेंबर २०२३ ला त्याच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला आणि आमच्या घरातली शांतता गेली. मशीन तेच, खेळाचं नाव जवळपास तेच, पण धुराचा गोळा फुटला की पडदा उचक्या द्यायचा. आकडे बघितले: प्रोसेसर १००, कार्ड ६०. म्हणजे लाटणारीच दमली होती.

मुलानं शोधून काढलं की आय५-९४००एफ जुन्यात स्वस्त मिळतोय, सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खोबण, तोच, एलजीए ११५१. मी पैसे घेऊन पेठेतल्या एका दुकानात गेले. एक वाजायला पाच मिनिटं, शटर अर्धं खाली. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "बोर्ड कुठला?" बी२५०, मी म्हटलं. "बसेल. चालणार नाही." आणि शटर खाली. चिडले होते, पण त्या तीन शब्दांनी माझे पैसे वाचवले. खोबण तीच दिसते. आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरला मात्र ३०० मालिकेचा बोर्ड लागतो, आमचा २०० मालिकेतला.

मग २०२४ मध्ये बोर्डासकट बदल केला: बी४५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर. रॅम डीडीआर४ प्रकारची असल्यामुळे जुन्याच पट्ट्या चालल्या. हे ठरवूनच केलं होतं, आणि २०२५ च्या अखेरीला डेटा सेंटरच्या मागणीनं रॅमचे भाव चढले तेव्हा त्या जुन्या पट्ट्यांकडे मी जरा प्रेमानंच पाहिलं. शिवाय सातव्या पिढीच्या त्या आय५ ला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे तो आय५ तसाही निवृत्तच व्हायचा होता.

आता उचक्या थांबल्या आणि कार्ड ९९ टक्क्यांवर जाऊन बसलं. तवा लहान पडायला लागला. आरएक्स ६६०० कार्ड घेतलं. आणि इथे मी, वर एवढं शहाणपण सांगणारी, सपशेल चुकले.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तोच ठेवला. कॅबिनेटबरोबर आलेला, वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट छापलेलं. सहा-सात वर्षांत एकदाही कुरकुर नाही, मग बदलायचा कशाला? पण कुरकुर नव्हती कारण १०५० टीआय बोर्डाच्या खोबणीतून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागवायचं, त्याला वेगळी वायरच नव्हती. नव्या कार्डाला १३२ वॉट आणि आठ पिनांची वायर हवी. आमच्या एसएमपीएसला ती नाहीच. दुकानातून दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर मिळाला: एका टोकाला जुने चार पिनांचे मोलेक्स जोड, दुसऱ्या टोकाला आठ पिना. बसला. चालला. तीन आठवडे चालला.

एका रविवारी दुपारी करपल्याचा वास आला. मी आधी गॅसकडे धावले, मग शेजारणीला हाक मारली. तोवर मॉनिटर काळा झालेला. कॅबिनेट उघडलं तर कन्व्हर्टरच्या पिवळ्या वायरीचं, म्हणजे बारा व्होल्टवाल्या वायरीचं, आवरण मऊ होऊन मोलेक्सच्या पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये उतरलेलं. पांढरं कुठलं, ते शंकरपाळ्यासारखं तपकिरी झालं होतं. कार्ड वाचलं हे नशीब. दुसऱ्या दिवशी चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस आणला, आठ पिनांची स्वतःची वायर असलेला. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि येताना कधी धक्का देऊन येते, म्हणून पाठोपाठ यूपीएसही घेतला.

किती पैसे लागतील, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. आधी वायर, धूळ, रॅमच्या खोबण्या आणि सेटिंग बघा, त्याला शून्य. सावल्या 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणा, तेही शून्य. गेममध्ये एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करायची सोय) असेल तर लावून बघा, ते जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतं. तसल्याच डीएलएसएसला मात्र आरटीएक्स कार्डच लागतं. त्यानंतरही अडकत असेल तर जो भाग खोळंबा करतोय तेवढाच बदला. जुनं कार्ड घेणार असाल तर समोर अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डांकडून गणितं करवून चलन कमावणं) बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली, त्यातली काही अजून हात बदलत फिरतायत.

आय५ आणि त्याचा बोर्ड माळ्यावर आहे, फराळाच्या रिकाम्या डब्यात. कुणाला टॅली आणि यूट्यूबपुरता पीसी जोडायचा असेल तर घेऊन जा. तो वितळलेला कन्व्हर्टर मात्र देणार नाही. तो हॉलच्या टेबलाच्या खणात ठेवलाय. कुणी "काकू, एसएमपीएस जुनाच चालेल ना?" म्हणालं की मी काही बोलत नाही, खण उघडते आणि हातात देते.